प्रबंध संपतो तिथून पुढे

१८७६ साली हाइनरिख श्लीमानने ग्रीसमधल्या मायसीनी इथे खणायला घेतले आणि थडग्यांतून सोन्याचे मुखवटे वर आले. जगभरच्या वर्तमानपत्रांचे रकाने त्या सोन्याने भरले. त्याच उत्खननात मातीची भांडी आणि खापरेही मुबलक निघाली होती. ती नीट मांडून, रंगरेषा आणि घडण पाहून, कोणते भांडे आधीचे आणि कोणते नंतरचे हे ठरवायला बसले ते आडोल्फ फुर्टवेंग्लर आणि गेओर्ग लोश्के हे दोन जर्मन तरुण. दोघेही पंचविशीच्या आसपासचे, दोघांचीही डॉक्टरेट नुकतीच झालेली. १८७९ मध्ये त्यांनी मायसीनीच्या भांड्यांवर पुस्तक काढले आणि १८८६ मध्ये त्याहून मोठे दुसरे, ज्यात भूमध्य समुद्राभोवती सापडलेली त्याच जातीची भांडी एकत्र आली. पुढे इंग्रज पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीला इजिप्तमध्ये ग्रीसकडची अशीच एजियन खापरे मिळाली. इजिप्तच्या राजांचा काळ ठाऊक होता, त्यामुळे त्या खापरांच्या आधाराने मायसीनीचाही काळ बांधता आला. ग्रीसच्या प्राचीन इतिहासाला तारखा मिळाल्या त्या मुखवट्यांपेक्षा या खापरांमुळे.

फुर्टवेंग्लर ग्रीसला पोचला कसा, हे मला त्या शोधाइतकेच महत्त्वाचे वाटते. १८२९ साली रोममध्ये एक पुरातत्त्व संस्था स्थापन झाली, तीच पुढे जर्मन पुरातत्त्व संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. या संस्थेने १८५९ पासून एक प्रवासवृत्ती सुरू केली. ताज्या डॉक्टरेटधारकाने भूमध्य प्रदेशात फिरावे, अवशेष आणि संग्रहालये स्वतःच्या डोळ्यांनी पाहावीत, एवढीच अपेक्षा. ना परीक्षा, ना पदवी. फुर्टवेंग्लर याच वृत्तीवर ग्रीसला पोचला. ही प्रवासवृत्ती आजही दिली जाते. ‘पोस्टडॉक’ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी ती कल्पना पुरातत्त्वात अशी रुजली होती.

पोस्टडॉक म्हणजे पीएच.डी. झाल्यानंतर आणि कायमची नोकरी लागण्याआधी, ठरावीक मुदतीसाठी मिळणारी संशोधनाची जागा. मुदत साधारण एक ते तीन वर्षांची. तिच्या शेवटी नवी पदवी मिळत नाही, म्हणून आपल्याकडे घरच्यांना ती समजावून सांगणे अवघड जाते. विज्ञानात ती परिचित आहे: अमेरिकेत १९१९ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून भौतिक आणि रसायनशास्त्रासाठी अशा फेलोशिप सुरू झाल्या आणि आज प्रयोगशाळा त्यांच्यावरच चालतात. तिथे पोस्टडॉक हा बहुधा प्रमुख शास्त्रज्ञाच्या प्रकल्पात काम करतो. कलेचा इतिहास आणि पुरातत्त्व यांत गोष्ट वेगळी आहे. इथे फेलो स्वतःचा प्रश्न घेऊन येतो आणि विद्यापीठ त्याला पगार, ग्रंथालय, सहकारी आणि मुख्य म्हणजे वेळ देते.

हा वेळ लागतो कशाला? प्रबंध लिहून झाला, परीक्षकांनी मान्य केला, मग राहिले काय? बरेच काही. प्रबंध हा तीन-चार परीक्षकांसाठी लिहिलेला असतो. आधी कोणी काय म्हटले याचा आढावा, स्वतःच्या पद्धतीचे समर्थन, प्रत्येक विधानाभोवती तटबंदी, हे सगळे त्यात हवेच असते. पुस्तकाचा वाचक यातले अर्धेही वाचणार नाही. त्याला मूळ मुद्दा हवा, तो कुठल्या मोठ्या प्रश्नाला भिडतो ते हवे. शिवाय प्रबंधाच्या मुदतीत ज्या संग्रहालयाने परवानगी दिली नाही, ज्या देवळाचा गाभारा पाहता आला नाही, तो भाग तसाच राहून गेलेला असतो.

जुन्या काळी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने हा पेच कठोरपणे सोडवला होता. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात जमा केल्याशिवाय पीएच.डी. बहाल होत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्क सोडले. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये १९२५ साली छापून आला आणि कोलंबियाची पीएच.डी. त्यांना १९२७ मध्ये मिळाली. छपाईची ही अट पुढे रद्द झाली. पण चांगल्या विद्यापीठात नोकरी हवी, ती टिकवायची, तर पुस्तक हवेच ही अपेक्षा मात्र राहिली. प्रबंधापासून पुस्तकापर्यंतचे अंतर कापायचे कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न त्यामुळे उमेदवारावर येऊन पडला.

१९७०च्या दशकात अमेरिकेत तो तीव्र झाला. मानव्यविद्यांत पीएच.डी. होणारे वाढले होते आणि प्राध्यापकांच्या जागा आटत चालल्या होत्या. एक उत्तम पिढी वाया जाईल या काळजीतून अँड्र्यू मेलन फाउंडेशनने विद्यापीठांना पोस्टडॉक जागांसाठी पैसे दिले. कोलंबियातली ‘सोसायटी ऑफ फेलोज’ १९७६ मध्ये याच पाठबळावर उभी राहिली. इतिहास, साहित्य, संगीत, तत्त्वज्ञान यांबरोबर कलेच्या इतिहासाचे तरुण अभ्यासकही तिथे येतात.

कोलंबियाचेच उदाहरण थोडे उलगडून पाहू. तिथल्या विभागाच्या नावातच ‘कलेचा इतिहास आणि पुरातत्त्व’ असे दोन्ही विषय आहेत आणि तो शेरमरहॉर्न हॉल नावाच्या इमारतीत आहे. शेजारी एव्हरी ग्रंथालय, १८९० मध्ये सुरू झालेले, वास्तुकला आणि कलेसाठी जगातल्या अग्रगण्य ग्रंथालयांपैकी एक. मेट्रोपॉलिटन म्युझियम बसच्या अंतरावर. इथे आलेला फेलो आठवडाभर पुस्तकांत बुडून राहत नाही. त्याला शिकवावेही लागते, आणि बहुधा कोलंबियाच्या ‘कोअर’ अभ्यासक्रमात. या अभ्यासक्रमात ‘आर्ट ह्युमॅनिटीज’ नावाचा एक वर्ग आहे, १९४७ पासून कोलंबिया कॉलेजच्या सर्व पदवी विद्यार्थ्यांना सक्तीचा. अर्थशास्त्राचा विद्यार्थी असो की गणिताचा, त्याने पार्थेनॉन, गॉथिक कॅथीड्रल, मायकेलअँजेलो, रेम्ब्रांट, पिकासो यांच्यासमोर बसून पाहायला आणि पाहिलेले शब्दांत मांडायला शिकायचे. वर्ग लहान असतात, व्याख्यानापेक्षा चर्चा जास्त.

संशोधनासाठी आलेल्या माणसाकडून असे शिकवून घेणे म्हणजे त्याचा वेळ खाणे, असे म्हणणारे आहेत. मला तसे वाटत नाही. ज्याने पाच वर्षे एकाच शतकातल्या एकाच प्रकारच्या हस्तलिखितांवर घालवली, त्याला अठरा वर्षांच्या मुलीने विचारलेला ‘पण हे सुंदर का मानायचे?’ हा प्रश्न आपल्या प्रबंधाच्या प्रस्तावनेकडे परत नेतो. शिकवण्याचा भार सत्राला एका वर्गाइतका असेल तर तो हितकारक ठरतो. त्याच्या पुढे गेला की फेलोशिप हे स्वस्तात प्राध्यापक मिळवण्याचे साधन होते, आणि काही ठिकाणी तसे झालेही आहे.

कला आणि पुरातत्त्व हे दोन विषय एका छपराखाली का, असा प्रश्न पडेल. सोपे उत्तर असे की दोन्हींचा कच्चा माल वस्तू हाच आहे. कागदावरचा दस्तऐवज नक्कल करून कुठेही वाचता येतो. मूर्तीभोवती मात्र फिरावे लागते, भांडे हातात घ्यावे लागते, लेण्यात सकाळचा उजेड कुठवर पोचतो ते तिथे उभे राहूनच कळते. विद्या देहेजिया यांनी भाजे, कार्ले, कान्हेरी अशा पश्चिम भारतातल्या आरंभीच्या बौद्ध लेण्यांचा कालक्रम लावला तेव्हा त्यांनी शिलालेखांतली अक्षरवळणे, खांबांची घडण, शिल्पशैली हे सगळे एकमेकांशी ताडून पाहिले. यातले पहिले काम पुरालेखविद्येचे, दुसरे पुरातत्त्वाचे, तिसरे कलेच्या इतिहासाचे. त्यांचे पुस्तक १९७२ मध्ये आले आणि पुढे त्या याच कोलंबियात भारतीय कलेच्या प्राध्यापक झाल्या. सह्याद्रीतल्या लेण्यांवरचे प्रश्न न्यूयॉर्कच्या वर्गात शिकवले गेले ते अशा रीतीने.

लेण्यांचा विषय निघाला की वॉल्टर स्पिंक यांना वगळता येत नाही. त्यांनी हार्वर्डची पीएच.डी. १९५४ मध्ये मिळवली, मिशिगन विद्यापीठात शिकवले आणि आयुष्यभर अजिंठ्याला येत राहिले. त्यांचा सिद्धांत असा की अजिंठ्याची महायान काळातली सगळी लेणी शतकानुशतके कोरली गेली नाहीत. वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात, इसवी सन ४६० ते ४८० या दोनेक दशकांच्या आतबाहेर, ती एका झपाट्यात उभी राहिली आणि राजाच्या मृत्यूनंतर काम विस्कटले. या निष्कर्षाशी सगळे सहमत नाहीत. पण पुरावा पाहा. दारांच्या बिजागऱ्यांसाठी दगडात केलेल्या खाचा कशा बदलत गेल्या, कुठल्या लेण्यात आधी जुन्या पद्धतीची खाच करून मग नवी केली, कुठला कोनाडा अर्धवट सोडला, कुठले चित्र घाईत उरकले, अशा शेकडो बारीक खुणांवर त्यांची मांडणी उभी आहे. अशी खाच छायाचित्रात दिसत नाही, कारण छायाचित्रकार बुद्धाचा चेहरा टिपतो, उंबऱ्याचा कोपरा नाही. स्पिंक यांचा अजिंठ्यावरचा बहुखंडी ग्रंथ २००५ पासून प्रसिद्ध होऊ लागला, म्हणजे पीएच.डी.नंतर अर्धे शतक उलटल्यावर. कोणतीही दोन वर्षांची फेलोशिप एवढा काळ देऊ शकत नाही. तरुण वयात ती पाहण्याची सवय लावते, आणि पुढची चाळीस वर्षे त्या सवयीवर चालतात.

पुरातत्त्वात वेळेचा हिशेब आणखी वेगळा असतो. उत्खनन दिसते, त्याच्या बातम्या येतात. नंतरचे काम गोदामात चालते आणि त्याला खणण्यापेक्षा जास्त वर्षे लागतात. खापरे धुवायची, त्यांवर थराचा क्रमांक घालायचा, वर्गवारी करायची, चित्रे काढायची. हाडे एका तज्ज्ञाकडे, जळलेले धान्य दुसऱ्याकडे, कोळसा कार्बन-१४ साठी तिसरीकडे. जगभर अशी कितीतरी उत्खनने आहेत ज्यांचा अंतिम अहवाल कधी निघालाच नाही. खणणारा निवृत्त झाला, वह्या हरवल्या, पेट्यांवरची अक्षरे पुसट झाली. खणलेली जागा पुन्हा खणता येत नाही, म्हणून अहवाल न निघणे म्हणजे पुरावा कायमचा गमावणे. परदेशातल्या कितीतरी पुरातत्त्व पोस्टडॉक जागांवर आज नवे खणण्याऐवजी अशा जुन्या पेट्या उघडण्याचे काम होते. मला ते काम फार मोलाचे वाटते.

इनामगावची गोष्ट इथे सांगायला हवी. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊशे वर्षांतले शेतकऱ्यांचे एक गाव समोर आले. शंभराहून अधिक घरे, धान्याच्या कणग्या, घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुले. आधीच्या काळातली चौकोनी प्रशस्त घरे पुढे गोल झोपड्यांत बदलतात, म्हणजे गावावर वाईट दिवस आले होते. उत्खनन करणाऱ्या ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी यांचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. मानवी सांगाड्यांवरचा खंड जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी त्याआधी १९८६ मध्येच दिला होता. भारतातल्या उत्खननांत इतक्या काळजीने प्रसिद्ध झालेली उदाहरणे थोडी आहेत.

गोष्ट तिथे थांबली नाही. ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन अभ्यासिकेने नेवासे, दायमाबाद आणि इनामगावच्या बालसांगाड्यांवर ओरेगन विद्यापीठात प्रबंध लिहिला. प्रश्न नवा होता: हवामान आणि शेती बिघडली तेव्हा वाढत्या मुलांच्या शरीरावर काय परिणाम झाला? लांब हाडांच्या मोजमापांवरून त्यांनी उत्तर जोर्वे काळातल्या, म्हणजे इनामगावच्या शेवटच्या टप्प्यातल्या, मुलांच्या वाढीवर आलेला ताण दाखवला. त्यांचे पुस्तक २०११ मध्ये आले, उत्खनन संपल्यावर अठ्ठावीस वर्षांनी. हाडे तीच होती, पुण्यात जपून ठेवलेली. कोणीतरी त्यांच्याकडे नवा प्रश्न आणि पुरेसा वेळ घेऊन यायला हवे होते.

पुणे आणि परदेशी अभ्यासक यांचे हे नाते जुने आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज १९६१ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिचे भारतातले पहिले कार्यालय डेक्कन कॉलेजच्या आवारातच होते. या संस्थेने १९६५ मध्ये वाराणसीत कला आणि पुरातत्त्वाचे केंद्र काढले. ते पुढे गुरुग्रामला गेले. लाखाहून अधिक छायाचित्रांचा तिथला संग्रह आणि मायकेल माइस्टर व मधुसूदन ढाकी यांनी संपादित केलेला मंदिरवास्तूचा कोश, हे दोन्ही भारतीय अभ्यासकांना रोज लागतात. अमेरिकी फेलो येत राहिले, त्यांची पुस्तके आली, आपल्याला त्यांचा उपयोगही झाला. उलट दिशेने जाणाऱ्या, किंवा इथेच राहून पीएच.डी.नंतरचे काम करणाऱ्या मराठी अभ्यासकांची वाट मात्र अरुंद राहिली.

ती अगदीच बंद नाही. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची पोस्टडॉक फेलोशिप दोन वर्षांची आहे. सिमल्याची भारतीय उच्च अध्ययन संस्था निवासी फेलोशिप देते, आणि ज्याला लिहायचे आहे त्याच्यासाठी तो निवांतपणा दुर्मिळ आहे. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू, जर्मनीसाठी हुम्बोल्ट. हुम्बोल्टची मुदत सहा ते चोवीस महिन्यांची. युरोपीय संघाच्या मारी क्यूरी फेलोशिपला राष्ट्रीयत्वाची अट नाही, मात्र ज्या देशात जायचे तिथे मागच्या छत्तीस महिन्यांत बारा महिन्यांहून अधिक काळ राहिलेले नसावे, आणि पीएच.डी.नंतरचा संशोधन-अनुभव आठ वर्षांच्या आत हवा. इटलीच्या कलेवर काम करणाऱ्यांना फ्लॉरेन्सजवळचे हार्वर्डचे इ ताती हे केंद्र ठाऊक असते. समीक्षक बर्नर्ड बेरेन्सन यांनी आपले घर, चित्रे आणि ग्रंथसंग्रह विद्यापीठाला दिला आणि १९६१ पासून तिथे फेलो येऊ लागले.

या जागांचे दुःखही सांगायला हवे, कारण ते खरे आहे. तिशीच्या आसपासचा माणूस दर एक-दोन वर्षांनी देश बदलतो. जोडीदाराची नोकरी, मुलाची शाळा, आईवडिलांचे आजारपण यांपैकी काहीतरी दरवेळी मागे राहते. एक फेलोशिप चालू असतानाच पुढच्या अर्जाचे महिने सुरू होतात आणि जो वेळ पुस्तकासाठी मिळाला होता तो अर्जांत जातो. म्हणून माझ्या मते एक वर्षाची पोस्टडॉक जागा या दोन विषयांत फारशी कामाची नाही. पहिले सहा महिने घर आणि ग्रंथालय मार्गी लागण्यात जातात, पुढचे सहा नोकरी शोधण्यात. ब्रिटिश अकादमीने तीन वर्षांची मुदत ठेवली आहे, ती योग्य आहे.

कलेच्या इतिहासात आणखी एक खर्च असतो, जो बाहेरच्यांना दिसत नाही. पुस्तकात छापायच्या प्रत्येक चित्रासाठी संग्रहालयाची परवानगी आणि बहुधा शुल्क. शंभर चित्रांच्या पुस्तकात तरुण लेखकाचे कंबरडे मोडते. चांगल्या फेलोशिपमध्ये यासाठी वेगळी रक्कम असते. २०१७ मध्ये मेट्रोपॉलिटन म्युझियमने आपल्या संग्रहातल्या, कलाकाराचा हक्क संपलेल्या लाखो चित्रांच्या प्रतिमा सर्वांना मुक्त केल्या, तेव्हा या विषयातल्या लेखकांचा मोठा भार हलका झाला. आपल्या संग्रहालयांनी हे करावे, असे मला मनापासून वाटते.

अर्जाबद्दल थोडे. बहुतेक ठिकाणी प्रबंधाचा गोषवारा, पुढच्या कामाचा प्रस्ताव, लेखनाचा एक नमुना आणि तीन शिफारसपत्रे मागतात. निवड समितीत तुमच्या विषयाचा तज्ज्ञ एखादाच, बाकीचे साहित्याचे, संगीताचे, तत्त्वज्ञानाचे. ‘यादवकालीन मंदिरांचा अभ्यास’ एवढे लिहिले तर त्यांना त्यातून काहीच समजत नाही. त्याऐवजी, ज्या देवळांत चुना न वापरता दगडावर दगड बसवले गेले तिथे कारागिरांचे गट कसे काम करत असतील, हे दगडांवरच्या घडणखुणांवरून कळेल का, असा प्रश्न ठेवला तर संगीताचा प्राध्यापकही पुढे वाचतो. कुठले देऊळ, कुठले संग्रहालय, कुठली पेटी पाहायची आणि ती अजून कोणी का पाहिली नाही, हे नेमके सांगावे. प्रबंधातच सगळे सापडले आहे असा आव आणू नये. समितीला पुढच्या दोन वर्षांत काय पाहिले जाणार हे जाणून घ्यायचे असते.

अमेरिकेतल्या बहुतेक अर्जांच्या मुदती सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान संपतात, नेमणूक पुढच्या जुलै-सप्टेंबरपासून. म्हणजे प्रबंध उन्हाळ्यात जमा करणाऱ्याने शिफारसपत्रांसाठी मार्गदर्शकांशी त्याच पावसाळ्यात बोलायला हवे.